तीन गळे, बारा सूर आणि बंद न होणारा ‘आ’

पुतणीनं परवा एक गाणं ऐकवलं आणि विचारलं, “काका, हा मागचा आवाज कुठल्या सिंथेसायझरवर वाजवलाय?” तिला ते गाणं एका सिनेमात सापडलं होतं. 2014 च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या अगदी सुरुवातीला इस्पितळात बसलेला एक लहान मुलगा वॉकमनवर ते ऐकत असतो. गाण्याचं नाव ‘आय ॲम नॉट इन लव्ह’, बँड टेन सीसी, अल्बम ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’. अल्बम मार्च 1975 मधला, म्हणजे त्याची पन्नाशी उलटून गेली.

मी तिला सांगितलं की तो सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड, नाही. ती माणसं आहेत, आणि तीही फक्त तीन. तिचा विश्वास बसेना. ते गाणं ऐकताना आपण एखाद्या प्रचंड घुमटाखाली उभे आहोत असं वाटतं, आणि तो घुमट श्वास घेतोय. कॉम्प्युटर नसताना तीन माणसांनी हे कसं केलं, ते तिला समजावताना जे बोललो ते इथे जरा सविस्तर लिहितो. संगीताचं शास्त्र येत नसेल तरी चालेल. पेटी जवळून पाहिलेली असली की पुरे.

‘प्रोग्रेसिव्ह पॉप’ म्हणजे काय

पॉप म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांचं, एकदा ऐकलं की ओठांवर बसणारं गाणं. त्याच काळात इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक जोरात होता. त्यात एकेक गाणं वीस मिनिटांचं असायचं, मध्येच ताल बदलायचा, चाल कुठून कुठे जायची. या दोन्हींच्या मधल्या वाटेला प्रोग्रेसिव्ह पॉप म्हणतात. रचना गुंतागुंतीची, पण चाल गुणगुणता येईल अशी.

टेन सीसीची मंडळी या वाटेवरची. एरिक स्ट्युअर्ट, ग्रॅहम गोल्डमन, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम हे चौघंही गायचे, चौघंही गाणी रचायचे आणि प्रत्येकाला एकाहून जास्त वाद्यं यायची. गोल्डमननं तर बँडच्या आधीच ‘द यार्डबर्ड्स’ आणि ‘द हॉलीज’ या बँडसाठी गाजलेली गाणी लिहिली होती. स्ट्युअर्ट आणि गोल्डमन यांचा ओढा पॉपकडे, तर गॉडली आणि क्रीम चित्रकलेच्या शाळेतून आलेले, काहीतरी विचित्र करून पाहायला सदैव तयार. एका घरात दोन स्वभाव नांदावेत तसं ते होतं. या अल्बमचं बळ त्यात आहे, आणि पुढे घर फुटलं तेही त्यातूनच.

आधी स्टुडिओचं बोलू

या गाण्याची गोष्ट लोक टेपपासून सुरू करतात. माझ्या मते ती एका खोलीपासून सुरू व्हायला हवी.

मँचेस्टरला लागून स्टॉकपोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या वॉटर्लू रोडवर ‘स्ट्रॉबेरी’ नावाचा स्टुडिओ होता. त्यात स्ट्युअर्टची भागीदारी होती, गोल्डमनचे पैसे होते, आणि रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बहुतेक वेळा खुद्द स्ट्युअर्टच बसायचा. त्या काळात बँडनं लंडनला जायचं, तासाच्या भाड्यानं स्टुडिओ घ्यायचा आणि घड्याळाकडे बघत गायचं, अशी रीत होती. आपल्याकडे मुंबईत तर तेव्हा सिनेमाचं गाणं अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्र उभे करून, एका बैठकीत रेकॉर्ड व्हायचं. कुणाचा एक सूर चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून.

स्वतःचा स्टुडिओ असला की घड्याळ सुटतं. भाड्याच्या हॉलमधलं लग्न संध्याकाळी सहाला आवरावं लागतं, घरच्या अंगणातल्या गप्पा पहाटेपर्यंत चालतात. केवळ ‘आ’ गाण्यात तीन आठवडे घालवायला कुठल्याही कंपनीनं पैसे दिले नसते. या चौघांना कुणाकडे मागायची गरज नव्हती.

एकदा पुसून टाकलेलं गाणं

गाण्याचं बीज घरगुती आहे. स्ट्युअर्टची बायको त्याला म्हणाली, तू ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं फारसं कधी म्हणतच नाहीस. त्याचं म्हणणं पडलं की रोज म्हटलं तर त्या शब्दांना अर्थ उरणार नाही. मग त्याला वाटलं, ते शब्द न उच्चारता तेच सांगणारं गाणं लिहावं. या गाण्यातला माणूस सतत नाही म्हणतो. मी प्रेमात नाही, फोन केला तर उगाच गाजावाजा करू नकोस, मैत्रिणींना सांगू नकोस, तुझा फोटो भिंतीवर आहे तो फक्त खालचा डाग झाकायला. आपल्याकडे बायको गाल फुगवून “मी कुठे रागावलेय?” म्हणते, तेव्हा कुणी त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेत नाही. हे तसंच आहे.

स्ट्युअर्ट आणि गोल्डमननं ते आधी बोसा नोव्हाच्या, म्हणजे ब्राझीलच्या हलक्या डोलत्या तालावर बसवलं. गॉडली आणि क्रीमला ते अजिबात आवडलं नाही. गाणं रद्द झालं आणि टेपही पुसून टाकली. ते रूप आज कुणालाच ऐकायला मिळणार नाही.

पण स्टुडिओत काम करणारी माणसं ती चाल गुणगुणत राहिली. स्ट्युअर्टच्या ते कानावर पडत होतं. त्यानं विषय पुन्हा काढला तेव्हा गॉडलीनं सुचवलं, करायचंच असेल तर वाद्यं बाजूला ठेवू, सगळं माणसांच्या आवाजात करू. आधीचं गाणं नाकारणाऱ्याचीच ही सूचना. बँडमध्ये भांडण असावं ते असं.

576 आवाज कुठून आले

इथे एक तांत्रिक शब्द समजून घ्यावा लागेल, मल्टीट्रॅक. रंगीत लग्नपत्रिका छापताना पिवळा, लाल, निळा आणि काळा असे रंग एकावर एक वेगवेगळे छापले जातात आणि शेवटी एकच चित्र दिसतं. मल्टीट्रॅक टेपचं तसंच आहे. एकाच रुंद पट्टीवर शेजारी शेजारी 16 रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेवर वेगळ्या वेळी वेगळा आवाज भरता येतो, असं समजा. या रेघा म्हणजे ट्रॅक. सगळे एकदम वाजवले की सगळे आवाज एकत्र ऐकू येतात.

आता पेटीवर या. सा ते नी, कोमल-तीव्र धरून, काळ्या-पांढऱ्या मिळून 12 पट्ट्या. गोल्डमन, गॉडली आणि क्रीम मायक्रोफोनभोवती उभे राहिले आणि पहिल्या सुरावर नुसतं ‘आ’ गायले. एक ट्रॅक भरला, तीन आवाज. मग तोच सूर दुसऱ्या ट्रॅकवर, मग तिसऱ्यावर, असं सोळा वेळा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. एका सुराला 48 आवाज झाले. ते मिसळून दुसऱ्या टेपवर उतरवून ठेवले आणि पुढचा सूर घेतला.

बारा सुरांसाठी हा उद्योग म्हणजे 192 वेळा सरळ, न हलणारा, भावनाहीन ‘आ’. आवाज मिळून 576. वरचा सा धरून 13 सूर मोजले की आकडा 624 होतो, म्हणून काही ठिकाणी तोही वाचायला मिळतो.

पण अठ्ठेचाळीस वेळा तोच ‘आ’ घेतला तर आवाज फक्त मोठा व्हायला हवा, घुमटासारखा का होतो? कारण कुठलाही माणूस दोनदा अगदी तोच सूर लावत नाही. केसभर वर, केसभर खाली, किंचित आधी, किंचित उशिरा. वारीत शंभर जण एकत्र ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतात तेव्हा कुणा एकाचा गळा ऐकू येत नाही, एक मऊ, रुंद, हलता आवाज ऐकू येतो. ती रुंदी या केसभर फरकांची असते. एकाच ‘आ’च्या 48 हुबेहूब नकला केल्या असत्या तर ती मिळाली नसती. म्हणून प्रत्येक वेळी खरोखर गाणं भाग होतं.

दम कुणाचा पुरणार?

सूर मिळाले, पण ते काही सेकंदांचे. गाणं सहा मिनिटांचं. इतका वेळ श्वास न घेता ‘आ’ कोण धरणार?

तोड क्रीमनं सुचवली, टेपचं वेटोळं. त्याला लूप म्हणतात. टेपचा तुकडा घ्यायचा, त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटवायची आणि तो गोल पट्टा यंत्रातून फिरवत ठेवायचा. पिठाच्या गिरणीचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला टेपचं यंत्र, दुसऱ्या बाजूला मायक्रोफोनच्या स्टँडवर बसवलेली छोटी चकती, आणि दोन्हींमध्ये ताणलेला सुमारे 12 फुटांचा पट्टा. पट्टा फिरतोय तोवर ‘आ’ चालू. ना सुरुवात ना शेवट.

गिरणीच्या पट्ट्याला जिथे जोड असतो तिथे प्रत्येक फेरीत एक ‘थप्’ येतो. टेपच्या जोडालाही तसाच बारीक खटका येतो. बारा फूट पट्टा घेण्यामागे हेच कारण होतं. स्टुडिओतल्या टेपचा वेग सेकंदाला 15 इंच धरला, तर एवढा पट्टा एक फेरी साडेनऊ-दहा सेकंदांत पुरी करतो, म्हणजे खटका क्वचितच येतो. शिवाय बारा पट्ट्यांचे खटके एका क्षणी पडले नाहीत, की बाकीच्या आवाजात ते बुडून जातात. त्यांनी दोष काढून टाकला नाही, तो विखरून टाकला. मला ही युक्ती फार आवडते.

चार जणांनी वाजवलेली पेटी

गाण्याचा आत्मा मला याच्या पुढच्या पायरीत दिसतो.

स्टुडिओत मिक्सिंग डेस्क असतं. प्रत्येक आवाजाला एक सरकती दांडी, जिला फेडर म्हणतात. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली आणली की कमी. बारा सूर बारा फेडरना जोडले. आता त्या टेबलाची पेटीच झाली, फक्त पट्ट्या दाबायच्या नाहीत, सरकवायच्या. चौघं टेबलाभोवती बसले आणि गाण्यात ज्या क्षणी जे तीन-चार सूर एकत्र हवेत तेवढ्या दांड्या हळूहळू वर करू लागले, बाकीच्या खाली. आठ हातांनी वाजवलेलं एक वाद्य. दांडी पट्टीसारखी खटकन दबत नाही, सरकते. म्हणून या गाण्यात सूर सुरू होत नाहीत, उगवतात, आणि थांबत नाहीत, मावळतात.

त्यातही स्ट्युअर्टनं आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक फेडरच्या तळाशी त्यानं चिकटपट्टी लावली. दांडी पूर्ण खाली जाईचना. म्हणजे बारापैकी कुठलाच सूर कधीच पुरता बंद होत नाही. सगळे मिळून एक अस्फुट कुजबुज गाण्याच्या तळाशी सतत चालू राहते.

आपल्याला हे समजायला तानपुरा आहे. गायक थांबला तरी मागे षड्ज घुमत राहतो, आणि मैफलीतली शांतताही रिकामी नसते. फरक इतकाच की तानपुरा मोजक्या सुरांचा आणि हे बाराही सुरांचं धुकं. बारा सूर एकदम जोरात वाजवले तर कानाला टोचतील. इतके हलके ठेवले की तो माणसांचा श्वास वाटतो.

आता शब्दांकडे परत जा. वर एक माणूस सहा मिनिटं सांगतोय की माझ्या मनात काही नाही. खाली शेकडो आवाज आहेत, आणि ते बंद करायचे म्हटले तरी बंद होत नाहीत. तो खोटं बोलतोय हे गाण्यात कुठेही सांगितलेलं नाही. चिकटपट्टीनं सांगितलं आहे. स्ट्युअर्टच्या मनात हे असेल किंवा नसेल, कानाला मात्र हेच ऐकू येतं, आणि म्हणून या करामतीला मी नुसती करामत म्हणत नाही.

बाकीची वाद्यं मोजकीच ठेवली. स्ट्युअर्टचा इलेक्ट्रिक पियानो, गोल्डमनची गिटार, ढोलाच्या ठोक्यासारखा लावलेला ‘मूग’ नावाचा सिंथेसायझर, मध्ये बेस गिटारचा एक एकटा तुकडा, शेवटी खेळण्यातली संगीतपेटी. मध्यावर एक बाई कुजबुजते की मोठी मुलं रडत नसतात. ती गायिका नव्हती, स्टुडिओतली सेक्रेटरी होती. काम चालू असताना ती दार हळूच उघडून स्ट्युअर्टला फोन आल्याचं दबक्या आवाजात सांगायला आली आणि क्रीम उडालाच, हाच आवाज हवा! बिचारीला मायक्रोफोनपुढे उभं केलं.

“एवढ्यापेक्षा गायकवृंद बोलावला असता तर?”

हा प्रश्न पुतणीनंही विचारला. अठ्ठेचाळीस माणसं बोलावता आली असती. पण माणसं श्वास घेतात, सूर किंचित हलवतात, आणि मुख्य म्हणजे गायकवृंद ‘गातो’. इथे गायन नको होतं, हवा हवी होती. शिवाय वृंदातला एकेक सूर वेगळा उचलून वरखाली करता येत नाही.

दुसरी शंका जाणकारांची. तेव्हा मेलोट्रॉन होता की! मेलोट्रॉन म्हणजे असा कीबोर्ड, ज्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक लांब फीत असते. पट्टी दाबली की फितीवरचा आवाज वाजतो, त्यात गायकवृंदाचे आवाजही मिळायचे. पण फीत सुमारे आठ सेकंदांत संपते, मग हात उचलून पुन्हा दाबावं लागतं. या गाण्याला न संपणारा सूर लागत होता. कल्पनेची जात तीच, पण टोकं जोडल्यामुळे चीज वेगळी झाली.

अल्बम म्हणजे हे एकच गाणं नव्हे

नाव ‘ओरिजिनल साउंडट्रॅक’, पण सिनेमाच नाही. अस्तित्वात नसलेल्या सिनेमाचं संगीत, अशी ती कल्पना. वेष्टनावरचं चित्र हम्फ्री ओशन या चित्रकाराचं.

पहिलं गाणं ‘उन नुई आ पारी’ म्हणजे गॉडली-क्रीमचं आठ मिनिटांहून लांब छोटं संगीतनाटकच. तीन भाग, वेगवेगळी पात्रं, पॅरिसची एक रात्र. त्याच वर्षाच्या शेवटी ‘क्वीन’ या बँडनं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आणलं, तेव्हा अनेकांना या गाण्याची आठवण झाली. ‘ब्लॅकमेल’मध्ये धमकी देणाऱ्याचा डाव त्याच्यावरच उलटतो. ‘लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी’मध्ये आयुष्याला इटलीच्या त्या भाज्यांच्या सुपाची उपमा आहे, ज्यात घरात असेल ते सगळं पडतं. आपली भोगीची भाजी आठवा.

सगळंच सारखं उतरलंय असं नाही. शेवटचं ‘द फिल्म ऑफ माय लव्ह’ मला एका विनोदाच्या लांबीला पुरणारं वाटतं, गाण्याच्या नाही.

लोकांनी कसं घेतलं

रेकॉर्डवर छापून येण्याआधीच या गाण्यानं बँडचं नशीब पालटलं. छोट्या कंपनीत अडकलेल्या बँडनं ते मोठ्या कंपनीच्या लोकांना ऐकवलं आणि फेब्रुवारी 1975 मध्ये मर्क्युरीशी करार झाला. रकमेचा आकडा सांगितला जातो तो दहा लाख डॉलरचा.

इतकं होऊनही सुटी रेकॉर्ड म्हणून आधी बाजारात आलं ते ‘मिनेस्ट्रोनी’. ते ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. सहा मिनिटांचं संथ गाणं रेडिओवर कोण लावणार, ही धास्ती. मग ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ आलं, रेडिओसाठी त्याचं कापून तोकडं केलेलं रूपही निघालं, आणि जून-जुलैमध्ये ते ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर, आणि तिन्ही आठवडे वर वेगवेगळी गाणी! अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या, अमेरिकेत पंधराव्या क्रमांकापर्यंत पोचला. गाण्याला ब्रिटनचे गीतकार-संगीतकारांसाठीचे आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाले, तेही तीन.

समीक्षकांचा एक आक्षेप मात्र बँडला कायम चिकटला. ही मंडळी फार हुशार आहेत, पण हृदय कुठे आहे? अल्बममधल्या काही गाण्यांपुरता मला तो मान्य आहे. हुशारी दाखवायच्या नादात पात्रं बाहुल्या होतात. या गाण्यावर मात्र तो टिकत नाही.

1976 मध्ये गॉडली आणि क्रीम बाहेर पडले. त्यांना ‘गिझ्मो’ नावाचं यंत्र विकसित करायचं होतं. गिटारवर बसवलेल्या फिरत्या चकत्यांनी तारा व्हायोलिनसारख्या वाजतील, अशी ती योजना. पुढे दोघांनी ‘द पोलीस’ या बँडच्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’सकट अनेक गाण्यांचे व्हिडिओ केले. स्ट्युअर्ट-गोल्डमन टेन सीसी चालवत राहिले आणि त्यांना यशही मिळालं. पण गाणं लिहिणारा एक आणि “हे टाकाऊ आहे, आता असं करून बघ” म्हणणारा दुसरा, ही जोडी मोडली.

“आज हे फोनवर दहा मिनिटांत होतं, मग कौतुक कशाचं?”

होतं. पुतणीनं करूनही दाखवलं. एक ‘आ’ गायली, ॲपनं तो बारा सुरांत फिरवला, 48 पट केला, लांबवला. ऐकायला गोड, पण पाव मिनिटात कान कंटाळला, कारण सगळ्या नकला एकाच ‘आ’च्या होत्या. मग तिनं तो सूर खरोखर सोळा वेळा गाऊन भरला. सहाव्या-सातव्या वेळेला घसा किंचित थकला, सूर थोडा ढळला, आणि तिथून तो आवाज रुंद व्हायला लागला. ॲप वाईट नाही. त्या चौघांना असं यंत्र मिळालं असतं तर त्यांनी ते आनंदानं वापरलं असतं. फक्त कुठला फरक जपायचा हे यंत्राला माहीत नसतं.

गाणं ऐकायचं तर चांगले हेडफोन लावून, रात्री ऐका. कुजबुजणारी बाई बोलते आणि बेस गिटार एकटी राहते, तिथे आवाज जरा वाढवा. गायक गप्प आहे, पियानो विरळ झालाय. बेसच्या खाली, अगदी तळाशी, तो ‘आ’ चालूच असतो.